रंधा थांबतो तिथे

सहा फेब्रुवारी, एकोणीसशे ब्याऐंशी. दोन जीव गेले.

एक सार्वजनिक वाचनालयाचा शिपाई होता, दुसरा तिथेच फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवणारा बाइंडर. वरच्या सज्ज्यातून दोघे मिळून एक जड कपाट सरकवत होते. सज्जा अरुंद. कोपऱ्यावर कपाट वळवताना दोघांना एकाच वेळी मागे सरावे लागले, दोघांच्या पाठी एकाच वेळी कठड्याला टेकल्या, आणि कठड्याची लाकडी दांडी लांबीच्या दिशेने चिरत गेली. दांडीचा वरचा अर्धा भाग त्या दोघांबरोबर खाली फरशीवर आला. खालचा अर्धा जागच्या जागी राहिला.

चौकशी झाली. तीन सभ्य गृहस्थ वाचनालयाच्याच दालनात टेबल मांडून बसले. लाकूड किडलेले नव्हते, चांगल्या जातीचे होते, स्क्रू शाबूत होते. हे त्यांनी पाहिले आणि ते सगळे खरेच होते. निष्कर्ष असा निघाला की कपाट आधी रिकामे करायला हवे होते, आणि दोघांनी मिळून कठड्यावर भार टाकायला नको होता. ज्यांच्यावर दोष ठेवला ते उत्तर द्यायला उरलेले नव्हते. चौकशी करणाऱ्यांना ही फार मोठी सोय असते.

कठडा कोणी केला, हे कोणी विचारले नाही. वाचनालयाने मोडकी दांडी हातगाडीवर घालून सुताराच्या कारखान्यात पाठवली. निरोप एवढाच होता : अशीच नवी करून द्या.

ती दांडी जिच्या बाकावर येऊन पडली, तिची ही हकिकत आहे.

चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, उंचीने बेताची बाई. कारखाना वडिलांचा. पुढच्या खोलीत थोरल्या भावाचे यंत्र घरघरत असे; चौकटी, फळ्या, कपाटांची दारे तिथे होत. मागच्या खोलीत खिडकीला लागून तिचा बाक होता आणि त्यामागच्या भिंतीवर रंध्यांची रांग. साधा रंधा लाकूड सपाट करतो. हे रंधे निराळे होते. प्रत्येकाच्या तळाला वेगळे वळण होते, आणि पाते नेमके त्याच वळणाला घासलेले. लाकडावर जो भाग फुगीर दिसायला हवा तो रंध्याच्या तळाला खोलगट, आणि लाकडावर जो पन्हळीसारखा खोल जायला हवा तो रंध्याला फुगीर. खोल पन्हळीला सुतार गलता म्हणतात. दारांच्या चौकटी, छताखालच्या पट्ट्या, जिन्यांचे कठडे यांवरची सगळी नक्षी या रंध्यांच्या पोटातून निघाली होती. ते आजोबांच्याही आधीचे होते. घामाने काळे पडलेल्या लाकडात डाव्या अंगठ्याच्या जागी खळगी झाली होती. ती तिच्या अंगठ्याने पाडलेली नव्हती, पण तिचा अंगठा तिच्यात नेमका बसे.

मुलीने हे काम शिकावे असे घरात कोणी ठरवले नव्हते. थोरल्याला रंध्याचा कंटाळा. तो संधी मिळाली की पळे. ती ढलप्या गोळा करायला येई. एकदा कामाची घाई होती आणि माणसे कमी होती, तेव्हा वडिलांनी तिच्या हातात रंधा दिला. हात सरळ चालला. तो पुढे चालतच राहिला. शेजारची एक काकू तेव्हा आईला म्हणाली होती, "सुई-दोरा सोडून पोरीच्या हातात रंधा दिलात, आता नवराही लाकडाचाच घडवून द्या म्हणावं!" आईने हसून वेळ मारून नेली. पुढे स्थळे आली आणि गेली. कुणी हात पाहिले की घट्टे दिसत.

शिकवताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, एकच नियम सांगितला होता. या रंध्यांना आतून एक खांदा असतो. नक्षी पुरी खोल गेली की तो खांदा लाकडावर टेकतो, पाते अधांतरी राहते आणि ढलपी निघायची बंद होते. आवाज बदलतो, खरखर जाऊन नुसती घसट उरते. "रंधा थांबला की थांबायचं," आबा म्हणत. "त्याच्याआधी नाही, त्याच्यानंतर नाही. त्याच्यापेक्षा शहाणं व्हायला जायचं नाही." या नियमावर चार पिढ्या जेवल्या होत्या. नियम खोटा नव्हता. फक्त तो घडला तेव्हा फळ्या रुंद येत असत.

मोडकी दांडी तिने बाकावर आडवी घातली आणि सवयीने गलत्यात अंगठा फिरवला. कठड्याच्या दांडीला दोन्ही बाजूंनी गलता असतो, बोटांना पकड मिळावी म्हणून. वर गोल माथा, खाली रुंद बैठक, आणि दोन गलत्यांच्या मध्ये उरते ती कंबर. अंगठ्याला गलत्याच्या तळाशी एक केस लागला. लाकडाचाच, उभा, बारीक, डोळ्याला न दिसणारा. ती थबकली. पात्याच्या धारेला दात पडला, म्हणजे बारीक खाच गेली, की लाकडावर असा केस उठतो. आणि असा दात तिच्या आठवणीत एकदाच पडला होता, दहा-अकरा वर्षांपूर्वी, एका फळीत कुणीतरी ठोकून मोडलेला खिळा लागला तेव्हा. काम घाईचे होते. पाते घासायला वेळ नाही म्हणून गाडीभर माल त्याच दात पडलेल्या पात्याने काढला होता. काढणारी ती स्वतः होती.

तिने चिरलेल्या जागेची जाडी पाहिली. कंबर करंगळीच्या नखाएवढीही नव्हती.

आबा बाकाजवळच्या स्टुलावर बसत. हात थरथरू लागल्यापासून ते फक्त बसत आणि आवाज ऐकत.

"आबा, तो माल रुंदीला कमी आला होता. आठवतं?"

"कुठला?"

"खिळा लागला होता तो."

आबांनी मान वळवली नाही. "ठेकेदाराने आणला होता. बोटभर कमी होता. तुझा दादा म्हणाला, चालेल."

"मी तुम्हाला म्हटलं होतं, दांडी हातात हलकी लागते."

"म्हटलं असशील."

"तुम्ही काय म्हणालात?"

म्हातारा भिंतीवरच्या रंध्यांकडे वळला. मग म्हणाला, "रंधा थांबला ना, असं म्हणालो असेन. दुसरं काय म्हणणार मी?"

रंध्याला फळीची रुंदी कळत नाही. तो दोन्ही बाजूंनी ठरलेल्या खोलीपर्यंत जातो आणि प्रामाणिकपणे थांबतो. फळीत बोटभर तूट होती, आणि ती कुठेतरी पडणारच होती. माथा आणि बैठक मुळातच रुंद, त्यांना ती जाणवली नाही. ती भोवली कंबरेला, जिथे कोणी बघत नाही. ठेकेदाराने लाकूड चांगल्या जातीचे दिले. भावाने तेवढ्यावर भागवले. बापाने पिढ्यांचा नियम सांगितला, मुलीने तो पाळला. चूक अशी चार हातांत वाटली गेली की प्रत्येकाच्या मुठीत नुसता भुसा राहतो, आणि भुशाचे ओझे कुणालाच वाटत नाही.

तिला ते वाटू लागले, याचे एक साधे कारण होते. गाडीभर माल एका वाचनालयात संपत नाही.

"बाकीचा कुठे गेला, आबा?"

"वाचनालय. मग... दवाखाना होता का तो? नाही, दवाखान्याचा जिना दगडी. कुठेतरी बायका होत्या. खूप बोलत होत्या, एवढं आठवतं."

"कुठे?"

"अगं, बायका कुठे बोलत नाहीत?"

घरात हिशेबाखेरीज काही लिहून ठेवायची पद्धत नव्हती आणि हिशेबाचे कागद केव्हाच चुलीत गेले होते. उरला होता तो केस. तिने काम बाजूला ठेवले आणि शहरातले कठडे चाचपायला निघाली.

त्या दिवसांत ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. जेवताना ताटाच्या कडेवरून अंगठा फिरे. वहिनी म्हणाली, "ताई, ताट पितळेचं आहे, मोडायचं नाही." ती हसली नाही, अर्धे जेवून उठली. न्यायालयाचा जिना, डाकघर, दोन लॉज, जुन्या बँकेचा माळा असे सगळीकडे ती जाई, वरच्या मजल्यापर्यंत एका बाजूने हात सरकवत चढे, दुसऱ्या बाजूने उतरे. एका लॉजचा व्यवस्थापक धावत आला : "बाई, सकाळीच पुसलाय आम्ही! धूळ सापडली तर नाव बदलीन." न्यायालयात एका पट्टेवाल्याने विचारले, काय हरवलंय. तिने सांगितले, एक केस. तो म्हणाला, "इथे केस सापडायला वकील लागतो, बाई." आठवड्याभरात तिला नाव पडले. कठडेबाई. रस्त्याने जाताना दुकानदार मुद्दाम फळीला टेकत आणि ओरडत, "कठडेबाई, हे चालेल का?"

नाव कारखान्यापर्यंत पोचले तेव्हा भाऊ यंत्र बंद करून मागच्या खोलीत आला.

"तू काय चालवलंयस?"

"शोधतेय."

"चौकशी संपली. आपलं नावही निघालं नाही. आणि तू गावभर हिंडून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस?"

"दादा, अजून एक कठडा उभा आहे."

"उभा आहे ना? दहा वर्षं उभा आहे. मग उभा राहू दे."

"तोही उभाच होता."

भावाने भिंतीवरच्या रंध्यांकडे हात केला. "उद्या लोकांना कळलं की ह्यांचे कठडे मोडतात, तर ह्या भिंतीवरचं एकही लाकूड कोणी विकत घेणार नाही. माझी पोरं काय ढलप्या खातील?"

"फळी तू आणलीस, दादा."

"आणि दांडी तू काढलीस!"

दोन्ही वाक्ये खरी होती. स्टुलावरून आबा म्हणाले, "यंत्र चालू कर रे. शांतता बरी वाटत नाही."

केस सापडला तो शिवणशाळेत. शाळा एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती आणि तिच्या पुढे रस्त्यावर झुकलेला लांब सज्जा होता. बायका होत्या आणि त्या खरोखरच खूप बोलत होत्या. दुपारच्या सुट्टीत यंत्रे थांबत आणि सगळ्या जणी कठड्यावर कोपरे टेकून रांगेने उभ्या राहत. खालच्या भाजीवाल्याशी भाव, समोरच्या खिडकीशी गप्पा. तिने टोकापासून अंगठा सरकवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पावलालाच तो लागला. तो पूर्ण सज्जाभर होता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. कुणी ऐकले नाही. मग ओरडली, "बाजूला व्हा सगळ्या!"

"अगं बाई, कठडेबाई आल्या!" एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची विद्यार्थिनी म्हणाली. "मला नका हटवू हो, मी टेकलेय म्हणून तर तो उभा आहे!"

हशा पिकला. बायका बाजूला झाल्या, पण ती गेल्यावर परत टेकण्यासाठी.

संचालिका कर्तबगार बाई होत्या. विधवा, परित्यक्ता, घरून पळून आलेल्या अशा कितीतरी जणींना त्यांनी हातांचे काम दिले होते, आणि ज्या माणसाने शून्यातून काही उभे केले आहे त्याला ते डळमळते आहे असे ऐकणे जड जाते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. सुतारबाईने कंपास लावून कंबर मोजून दाखवली, तीही पाहिली.

"पण चौकशीत तर लाकूड चांगलं निघालं."

"लाकूड चांगलंच आहे. कमी आहे."

"इतकी वर्षं माझ्या मुली इथे टेकतायत. काही झालं नाही."

"एकेकटीचा भार वेगळा. दोघींनी एकाच जागी जोर दिला की..."

"तुम्ही लेखी आणा. कारखान्याच्या सही-शिक्क्याने. मग मी विश्वस्तांपुढे ठेवते."

शिक्का भावाच्या पेटीत होता. ती घरी गेली, मागितला, मिळाला नाही. भावाने पेटीला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीच्या जरा आधी ती शिवणशाळेत गेली ती करवत, लाकूड आवळून धरायचे दोन शिकंजे आणि आबांचा जुना हातोडा पिशवीत घालून. यंत्रे चालू होती. तिने सज्ज्याच्या एका टोकाला दांडीवर करवत लावली. यंत्रांच्या आवाजात करवतीचा आवाज कुणाला वेगळा कळला नाही. दोन काप दिले, खालून स्क्रू सोडवले आणि हातभर लांबीचा तुकडा सुटा केला. पिशवीतली दोरी त्या जागेवर आडवी बांधली. बायका बाहेर आल्या तेव्हा कठड्याला भगदाड पडले होते आणि कठडेबाई तो तुकडा शिकंज्यांनी कापड कापायच्या टेबलाच्या कडेला आवळत होती. बैठक टेबलाला घट्ट, माथा वर मोकळा.

संचालिका धावत आल्या. त्यांचा आवाज चढला होता. "हे काय केलंत? मी पोलिसांना बोलावते!"

"बोलवा. ते येईपर्यंत एकीने इथे ढकलून बघा."

जाड विद्यार्थिनी पुढे झाली. "मी ढकलते. माझ्याने मोडलं तर घरचे म्हणतील बरोबरच झालं." तिने दोन्ही तळवे माथ्याला लावले आणि अंग घातले. टेबल किरकिरले. लाकूड हलले नाही. तिने पुन्हा जोर केला. चेहरा लाल झाला. काही नाही. मागून कोणीतरी खुसखुसले.

त्या क्षणी सुतारबाईला काय वाटले असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही. दांडी टिकली तर तिची चूक चूक नव्हती. दोन माणसे आपल्याच निष्काळजीपणाने मेली, भाऊ शहाणा, आबांचा नियम खरा. तिची सुटका त्या लाकडाच्या टिकण्यात होती, आणि ती ते मोडावे म्हणून उभी होती.

"पुरे झाला हा तमाशा," संचालिका म्हणाल्या. "बघू इकडे." रागाच्या भरात त्यांनीही हात लावला आणि त्या मुलीबरोबर एक जोराचा धक्का दिला.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. माथा सुटून टेबलापलीकडे पडला आणि दोघी टेबलावर पालथ्या पडल्या. बैठक शिकंज्यात तशीच राहिली.

कुणी हसले नाही. जाड मुलगी उठली, सज्ज्याकडे पाहिले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. काल आपण कुठे टेकलो होतो, कोणाशेजारी, हे जी ती मनात बघत होती.

सज्ज्याचे दार त्याच दिवशी बंद झाले. निघताना संचालिकांनी तिला जिन्यात गाठले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "मी तक्रार करत नाही. कठडा बदलून घेते. पण तुम्ही हे बाहेर बोलू नका. मुली यायच्या बंद होतील. मोठ्या मुश्किलीने येतात."

यात स्वार्थ नव्हता, निदान फार नव्हता.  जिना उतरताना तिचा हात भिंतीवरून चालला होता, कठड्यावरून नाही.

बोलायचे नाही, हे तिला जमले नाही. मोडक्या तुकड्याचे दोन भाग कापडात गुंडाळून ती वाचनालयाच्या कार्यवाहांकडे गेली. ते त्या तीन सभ्य गृहस्थांपैकी एक होते. त्यांनी दोन्ही भाग हातात घेतले, एकमेकांवर ठेवून पाहिले, आणि चष्मा काढला.

"अहवाल मंजूर झालेला आहे, बाई."

"तो चूक आहे."

"तुमचं सगळं खरं धरलं, तरी दोघांनी मिळून टेकायला नको होतं, हे राहतंच की नाही?"

"एकाला पेलतो आणि दोघांना नाही, त्याला कठडा कसं म्हणायचं? माणसं टेकणारच. तेवढ्यासाठीच तो असतो."

"आणि हे उघडं केलं तर तुमच्यावरच येईल. तुमच्या वडिलांवर. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय म्हणूनच आलेय."

त्यांनी दोन्ही भाग कापडात गुंडाळून तिच्याकडे सरकवले. "मेलेल्यांना आता याने काय फरक पडतो?"

शिपायाचे घर बंद होते. म्हातारी आई दुसऱ्या गावी मुलीकडे गेली होती. बाइंडरची बायको सापडली. नवऱ्याचा धंदा तिने चालू ठेवला होता. खोलीत खळीचा वास होता आणि पुठ्ठे वाळत पडले होते. सुतारबाईने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. दांडी मी काढली, हेही. समोरची बाई ब्रशने खळ लावत राहिली. मग ब्रश ठेवला.

"म्हणजे त्यांचं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"माझा धाकटा परवा भांडणात मोठ्याला म्हणाला, बाबांसारखा धांदरट आहेस. मी त्याच्या तोंडात मारली. आणि मनात म्हटलं, बरोबरच बोलतोय." तिने बोटांवरची खळ पुसली. "आता हे मला सांगून काय उपयोग? ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगा."

"सांगितलं."

"मग परत सांगा."

बसायला सांगितले नाही, हाकललेही नाही. तिने पुन्हा ब्रश उचलला, आणि सुतारबाई थोडा वेळ पुठ्ठ्याची कडा धरून उभी राहिली, कारण एकीला एकटीने तो सरळ बसवता येत नव्हता.

ती परत सांगते आहे. कार्यवाह बदलले, नव्यांनाही सांगितले. आबा पुढच्या हिवाळ्यात गेले. जाण्याआधी त्यांनी तिला जवळ बोलावून नियम पुन्हा सांगितला, पण त्यात पुढे दोन शब्द घातले : आधी मोज. भावाने दुसरा कारखाना काढला आणि यंत्र तिकडे नेले. त्याआधी एकदा त्याने तिला गलत्याच्या रंध्याचे पाते काढून, ताजे घासून, मग धारेवर कानशीने एक बारीक दात पाडताना पाहिले.

"वेड लागलंय का? गिऱ्हाइकाला खोट विकणार?"

"खोट नाही, पत्ता आहे," ती म्हणाली. "उद्या काही मोडलं तर घर शोधत यायला नको."

तेव्हापासून तिच्या हातून निघालेल्या प्रत्येक गलत्यात तळाशी तो केस असतो. शिवणशाळेचा नवा कठडा तिनेच केला, पुऱ्या रुंदीच्या फळीचा. बायका पुन्हा टेकून उभ्या राहू लागल्या आहेत. तिच्यासमोर मात्र राहत नाहीत.

वाचनालयाच्या चौकशीचा अहवाल आहे तसाच आहे. त्यातले एकही वाक्य बदललेले नाही. सहा फेब्रुवारीच्या दोन मृत्यूंचा दोष आजही त्या दोन मृतांवरच आहे, आणि तो उतरवण्याचे देणे फिटलेले नाही.